पगारातून पेन्शन: कंपनीच्या हातून भरलेला रुपया मोठा का होतो?



मागच्या आठवड्यातला पगाररचनेवरचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला. त्यावर लंडनजवळ राहणाऱ्या एका प्रेक्षकाने विचारलं, "सर, इकडे आमची कंपनी म्हणते की सॅलरी सॅक्रिफाइस घ्या, पेन्शन वाढेल. भारतात माझ्या भावाचं वर्कशॉप आहे, त्याला त्याच्या माणसांसाठी असं काही करता येईल का?"

प्रश्न छान आहे. उत्तर "हो" आहे, पण त्या "हो"ला दोन-तीन शेपट्या आहेत. व्हिडिओत आकडे भरभर पुढे जातात, म्हणून इथे सगळं सावकाश लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा. वर्कशॉप असो, दुकान असो की पाच माणसांचं डिझाइनचं ऑफिस, शेवटी तुम्हाला स्वतःचेच आकडे मांडायचे आहेत.

आधी तिकडची गोष्ट

ब्रिटनमध्ये २०१२ पासून मालकाने पात्र कर्मचाऱ्याला पेन्शन योजनेत आपणहून दाखल करायचंच, असा कायदा आहे. कर्मचाऱ्याला नको असेल तर तो बाहेर पडू शकतो, पण दाखल करणं मालकाच्या माथी. पगाराच्या ठरावीक पट्ट्यावर किमान ८ टक्के भरले जातात, त्यातले किमान ३ टक्के मालकाचे.

आता सॅलरी सॅक्रिफाइस म्हणजे काय? नाव ऐकून वाटतं की बिचारा कर्मचारी काही त्याग करतोय. त्याग वगैरे काही नाही हो. कर्मचारी कंपनीला लिहून देतो, "माझा पगार १,५०० पौंडांनी कमी करा आणि तेवढे पैसे तुमच्या खात्यातून माझ्या पेन्शनमध्ये भरा." पैसा तोच आणि खातंही तेच. बदललं फक्त एक: हे १,५०० पौंड आता "पगार" राहिले नाहीत, ते "मालकाची वर्गणी" झाले.

एवढ्याने काय होतं? तिकडे पगारावर प्राप्तिकराशिवाय नॅशनल इन्शुरन्स नावाची वेगळी कपात असते. कर्मचारी साधारण मधल्या पगारावर ८ टक्के भरतो. मालक एप्रिल २०२५ पासून ५,००० पौंडांच्या वरच्या पगारावर १५ टक्के भरतो. मालकाच्या पेन्शन वर्गणीवर मात्र ही कपात नाही. म्हणजे ३०,००० पौंड पगाराच्या माणसाने १,५०० पौंड असे वळवले तर त्याचे १२० पौंड वाचतात आणि मालकाचे २२५. चांगले मालक आपल्या बचतीतला काही भाग, कधी सगळाच, त्या माणसाच्या पेन्शनमध्ये टाकतात. आपल्या लंडनच्या मित्राने कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमचे जे १५ टक्के वाचतात, त्यातलं मला किती?

दुसरी गोष्ट त्याने लक्षात ठेवायची. नोव्हेंबर २०२५ च्या ब्रिटिश बजेटमध्ये जाहीर झालं की एप्रिल २०२९ पासून अशा पद्धतीने वळवलेल्या रकमेपैकी वर्षाला २,००० पौंडांपर्यंतच नॅशनल इन्शुरन्सची सूट राहील. त्यावरच्या रकमेवर दोघांनाही भरावं लागेल. प्राप्तिकराची सवलत तशीच आहे. म्हणजे जास्त रक्कम वळवणाऱ्यांच्या हातात अजून काही वर्षं आहेत.

आणि तिकडेही एक कुंपण आहे: पगार कमी करून तो किमान वेतनाच्या खाली नेता येत नाही. हे कुंपण डोक्यात ठेवा, आपल्याकडे येताना त्याचा उपयोग आहे.

आता भोसरीत या

आपल्याकडे "सॅलरी सॅक्रिफाइस" नावाची योजना नाही. पण नेमकी तीच युक्ती कायद्यात बसलेली आहे, फक्त तिचं नाव कोरडं आहे: कलम ८० सीसीडी (२). मालकाने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात, म्हणजे नॅशनल पेन्शन सिस्टिममध्ये, भरलेली रक्कम. नवीन कररचनेत असाल तर बेसिक अधिक महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. खाजगी नोकरीत ही मर्यादा आधी १० टक्के होती. २०२४ च्या जुलैमधल्या बजेटने नवीन कररचनेसाठी ती १४ केली. जुन्या रचनेत खाजगी नोकरदाराला अजून १० टक्केच.

(१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण सीए मंडळी अजून काही वर्षं "एटी सीसीडी टू"च म्हणणार, त्यामुळे तोच क्रमांक लिहिलाय. खालचे सगळे हिशोब २०२५-२६ च्या दरांनी आहेत.)

ही वजावट एवढी महत्त्वाची का? कारण नवीन कररचनेने बाकी जवळपास सगळं काढून घेतलं. ८० सी गेलं. विमा, मुलांची फी, पीपीएफ, सगळं गेलं. एनपीएसमध्ये कर्मचाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरलेल्या जास्तीच्या ५० हजारांची सवलतसुद्धा गेली. मालकाच्या हातून भरलेली रक्कम मात्र राहिली. म्हणजे रामभाऊंनी स्वतःच्या पगारातून १०,००० रुपये एनपीएसमध्ये भरले तर सूट शून्य. तेच १०,००० कंपनीने पगारातून बाजूला काढून त्याच खात्यात भरले, तर मर्यादेत बसतील तेवढी सगळी सूट. पैसे तेच, पाठवणारा हात वेगळा.

हिशोब मांडून बघू

समजा तुमच्या कंपनीत एक प्रॉडक्शन मॅनेजर आहे. पीएफचा मालकाचा हिस्सा सोडून वर्षाचा पगार १८ लाख, म्हणजे महिना दीड लाख. बेसिक ७५,०००. बाकी घरभाडे भत्ता आणि विशेष भत्ता.

आज तो नवीन रचनेत असेल तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १७ लाख २५ हजार. कर १ लाख ४५ हजार, उपकर धरून १,५०,८००.

आता बेसिकच्या १४ टक्के म्हणजे महिना १०,५०० विशेष भत्त्यातून काढा आणि कंपनीची एनपीएस वर्गणी म्हणून भरा. वर्षाचे १,२६,०००. करपात्र उत्पन्न १५,९९,०००. कर उपकरासह १,२४,६४४. वाचले २६,१५६ रुपये.

म्हणजे महिन्याला एनपीएसमध्ये १०,५०० जातात, पण त्याच्या हातात येणारा पगार कमी होतो साधारण ८,३२० ने. मधले २,१८० रुपये एरवी सरकारकडे गेले असते, ते आता त्याच्या म्हातारपणाकडे गेले. कंपनीचा खर्च एका रुपयानेही वाढला नाही.

ठीक आहे, चांगलं आहे, पण यात कुणी उडी मारणार नाही. आता दुसरा हिशोब बघा, खरी गंमत तिथे आहे.

पगार १३ लाख ५० हजार. महिना १,१२,५००, बेसिक ५६,२५०. एनपीएस नसेल तर करपात्र उत्पन्न १२ लाख ७५ हजार. इथे बारा लाखांची हद्द ओलांडली जाते, त्यामुळे करमाफी मिळत नाही आणि कर लागतो उपकरासह ७४,१००. आता १४ टक्के वळवा: महिना ७,८७५, वर्षाचे ९४,५००. करपात्र उत्पन्न ११,८०,५००. बारा लाखांच्या आत आलो. कर शून्य!

९४,५०० रुपये पेन्शनमध्ये गेले आणि ७४,१०० रुपये कर वाचला. हातातला पगार वर्षाला फक्त २०,४०० ने कमी झाला. महिन्याला १,७००.

हा हिशोब मी चाकणच्या एका कार्यशाळेत फळ्यावर मांडला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मालकांनी उठून स्वतः कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिला. तुम्हीही करा. बेसिक निम्मं धरलं तर साधारण १२ लाख ७५ हजार ते १३ लाख ७० हजार या पट्ट्यातल्या माणसाला १४ टक्क्यांच्या आत राहून शून्य करापर्यंत येता येतं. तुमच्या पगारपत्रकात या पट्ट्यात कोण आहे ते आजच बघा. लहान कंपनीत असा एखादाच असतो. बहुतेक वेळा तो अकाउंट्सवाला किंवा जुना सुपरवायझर असतो, आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

पण हेच उदाहरण वापरून कुणी वीस वर्षांचा तक्ता दाखवू लागला तर जरा थांबा. महिना ७,८७५ वीस वर्षं, ९ टक्के परतावा धरला तर साडेबावन्न लाखांच्या पुढे जातात, हे गणित बरोबर आहे. पण ९ टक्क्यांची हमी कुणी दिलेली नाही. शिवाय "महिना १,७०० मध्ये ५२ लाख" असं म्हणणं ही फसवणूक आहे. दोन वर्षांत त्या माणसाचा पगार १५ लाख होणार. मग शून्य कराची जादू संपते आणि बचत त्याच्या स्लॅबइतकी राहते, वळवलेल्या रकमेच्या साधारण १५-१६ टक्के. तरीही वाईट नाही. पण खरं सांगून विका.

ज्यांना याचा फायदा नाही

इथे जरा स्पष्ट बोलतो, कारण अनेक पेरोलवाले ही गोष्ट सगळ्या स्टाफला सरसकट लावायला सांगतात.

ज्याचा पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे त्याला नवीन रचनेत तसाही कर नाही. तुमच्या शॉप फ्लोअरवरची २२ हजार, २८ हजार, ४० हजारवाली सगळी मंडळी यात आली. त्यांचा पगार कमी करून एनपीएसमध्ये टाकला तर वाचणार काय? शून्य. उलट हातातला पैसा कमी झाला आणि जो गेला तो साठीपर्यंत अडकला. घरात आजारपण आलं, मुलीची फी आली, की तो माणूस सावकाराकडे जाणार. ब्रिटनमध्ये कमी पगाराच्या माणसालाही नॅशनल इन्शुरन्सची थोडी बचत होते. आपल्याकडे तेवढंही नाही. म्हणून तिकडची योजना इकडे जशीच्या तशी चिकटवू नका.

मग या माणसांसाठी काय करायचं? पहिली गोष्ट पीएफ. २० किंवा जास्त माणसं असतील तर तो सक्तीचाच आहे. कमी असतील तर स्वेच्छेनेही घेता येतो, आणि माझं मत विचाराल तर घ्यावा. पीएफला जोडून कुटुंबाला निवृत्तिवेतन आणि विमा येतो, ते पाच माणसांच्या वर्कशॉपलाही लागतंच. कुणाला जास्त साठवायचं असेल तर १२ टक्क्यांच्या वर स्वेच्छेने पीएफ भरता येतो. त्याला नवीन रचनेत वजावट नाही, पण २०२४-२५ ला व्याज ८.२५ टक्के होतं, आणि वर्षाला अडीच लाखांपर्यंतच्या स्वतःच्या वर्गणीवरचं व्याज करमुक्त असतं. अडचणीला तो पैसा काढताही येतो. ४० वर्षांच्या आतल्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या माणसासाठी अटल पेन्शन योजना आहे, तीही बँकेतून सहज होते.

आणि एक मार्ग आहे ज्यात कुणाचा पगार कापायचा नाही. पुढच्या पगारवाढीतला काही भाग कंपनीने वरून पेन्शन म्हणून द्यायचा. ३० हजारवाल्याला २,००० वाढ देणार असाल तर त्याला विचारा: सगळी हातात हवी की १,५०० हातात आणि ५०० पेन्शनमध्ये? हातातलं कमी होत नाही, त्यामुळे ते टोचत नाही. निर्णय मात्र त्याचा.

कुठून कापायचं, कुठून नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. वळवायची रक्कम विशेष भत्त्यातून काढा. बेसिकला हात लावू नका.

कारण साधं आहे. १४ टक्के मोजायचे बेसिकवर. बेसिक कमी केलं की मर्यादाच कमी झाली. पीएफ बेसिकवर, रजेचे पैसे बेसिकवर, ग्रॅच्युइटी बेसिकवर. कर वाचवायला गेलो आणि ग्रॅच्युइटी घालवून बसलो, असं व्हायला नको.

इथे नव्या कामगार संहितांचाही संबंध आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. त्यात "वेतना"ची जी व्याख्या आहे तिच्यातून मालकाची पीएफ आणि पेन्शन वर्गणी, घरभाडे भत्ता, अशा काही गोष्टी बाहेर ठेवल्या आहेत. पण अशा बाहेरच्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर वरची रक्कम पुन्हा वेतनातच धरायची. विशेष भत्ता त्या बाहेरच्या यादीत नाही. म्हणजे विशेष भत्त्यातले १०,५०० एनपीएसमध्ये वळवले तर संहितेच्या व्याख्येतलं "वेतन" तेवढं खाली येऊ शकतं, आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब त्यावर होतो. मॅनेजरच्या पगारात हा फरक किती पडतो ते आधी काढा, त्याला दाखवा, मग सही घ्या. बहुतेक हिशोबांत कराची बचत पुढे असते. पण सगळ्यांत नाही. शून्य करवाल्याच्या बाबतीत तर फक्त तोटाच दिसेल.

ज्याचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरला जातो, म्हणजे महिना १,८००, त्याच्या पीएफवर याचा परिणाम नाही. ज्याचा पगारच १५ हजारांच्या आसपास आहे त्याला या योजनेत आणूच नका; तिथे किमान वेतनाचंही कुंपण आहे.

अजून एक, जे फार कमी लोक सांगतात. बँक गृहकर्ज देताना हातात येणारा पगार बघते. तुमचा माणूस येत्या सहा महिन्यांत फ्लॅट घेणार असेल तर त्याला ही गोष्ट आधी सांगा. कर्ज मंजूर झाल्यावर पुढच्या एप्रिलपासून वळवलं तरी चालतं.

मालक, तुमचं काय?

बारा तासांच्या शिफ्टनंतर कार्यशाळेला येणारे मालक दुसऱ्यांच्या पेन्शनचं सगळं लिहून घेतात. मी विचारतो, "साहेब, तुमची पेन्शन?" उत्तर ठरलेलं: "आमची पेन्शन म्हणजे हा धंदा." धंदा चालला तर ठीक. पण ऑर्डर थांबली, पार्टनर गेला, मुलाने बंगळुरूला नोकरी धरली, तर त्या मशीन्सची किंमत भंगारवाला ठरवतो. मी हे दोन-तीनदा जवळून पाहिलंय, आणि त्या वयात माणसाला बँकेच्या दारात उभं राहिलेलं बघवत नाही.

तर, तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि तुम्ही संचालक म्हणून कंपनीकडून खराखुरा पगार घेत असाल, तर पगारदार म्हणून ही वजावट तुम्हालाही आहे. समजा पगार २४ लाख, बेसिक १२ लाख. १४ टक्के म्हणजे १,६८,००० वर्षाला कंपनी तुमच्या एनपीएसमध्ये भरते. तुमचा कर उपकरासह ४३,६८० ने कमी होतो. कंपनीला तो खर्च पगारासारखाच वजा मिळतो. मालकाच्या बाजूची मर्यादाही २०२४ मध्ये १० वरून १४ टक्के झाली. बोर्डाचा ठराव करा, पगार धंद्याच्या मानाने वाजवी ठेवा, आणि पीएफ, एनपीएस, सुपरॲन्युएशन मिळून मालकाची वर्गणी वर्षाला साडेसात लाखांच्या वर जाऊ देऊ नका. त्यावरची रक्कम करपात्र होते, आणि तिच्यावरचा परतावाही.

प्रोप्रायटर किंवा भागीदार असाल तर वाईट बातमी. तुम्ही स्वतःचे नोकर होऊ शकत नाही, भागीदाराला मिळणारा मोबदला प्राप्तिकराच्या नजरेत "पगार" नाही, त्यामुळे हा मार्ग तुम्हाला बंद. तुमच्या स्टाफसाठी मात्र तो उघडा आहे, त्याचा खर्चही तुमच्या फर्मला वजा मिळतो. स्वतःसाठी एनपीएस उघडता येतं, पण त्याची वजावट जुन्या रचनेतच. केवळ या एका वजावटीसाठी प्रायव्हेट लिमिटेड करा असं मी म्हणणार नाही. ऑडिट आणि आरओसीचा खर्च त्यातलं बरंच खाऊन टाकेल. पण वेगळ्या कारणांनी कंपनी करायचा विचार चालू असेल तर हे पारडं त्यात टाका.

अडकलेला पैसा

एनपीएसचा पैसा अडकतो, हे माणसाला आधी सांगायलाच हवं. साठीला बाहेर पडताना काही रक्कम एकदम मिळते आणि उरलेल्या रकमेतून विमा कंपनीकडून ॲन्युइटी घ्यावी लागते, म्हणजे दरमहा पेन्शन. खाजगी क्षेत्रासाठी हा सक्तीचा वाटा ४० टक्के होता, तो डिसेंबर २०२५ च्या नियमबदलात किमान २० टक्क्यांवर आला. पण एकरकमी रकमेची करमाफी ६० टक्क्यांपर्यंतच लिहिलेली आहे, आणि दरमहाची पेन्शन तेव्हाच्या स्लॅबप्रमाणे करपात्र. म्हणजे आज वाचलेला कर काही अंशी पुढे ढकललेला आहे. निवृत्तीनंतर उत्पन्न कमी असतं, म्हणून तेव्हाचा कर बहुधा कमी लागतो, हा यातला खरा लाभ. मुदतीआधी खातं मोडलं तर मात्र सर्वसाधारणपणे ८० टक्के रकमेची ॲन्युइटी घ्यावी लागते.

मध्येच काही रक्कम काढायची सोय आहे: घर, मुलांचं शिक्षण किंवा लग्न, गंभीर आजार अशा कारणांसाठी. पण ती स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्के. स्वतःच्या, म्हणजे कर्मचाऱ्याने भरलेल्या! इथे तर सगळी रक्कम मालकाच्या वर्गणीच्या नावाने गेलेली आहे. म्हणजे दहा वर्षांनी खात्यात पंधरा लाख दिसतील आणि मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी त्यातलं हाती काहीच लागणार नाही. ज्याच्याकडे सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी मोकळी शिल्लक नाही, त्याला कितीही कर वाचत असला तरी मी आधी ती शिल्लक करायला सांगतो.

करायचं कसं

कॉर्पोरेट एनपीएसला २० माणसांची वगैरे अट नाही. कंपनी, एलएलपी, भागीदारी, प्रोप्रायटरशिप, कुणीही नोंदणी करू शकतं. तुमची बँक बहुधा "पॉइंट ऑफ प्रेझेन्स" असते, तिच्या शाखेत किंवा पोर्टलवरून नोंदणी होते. शाखेतल्या माणसाला कधीकधी हे माहीत नसतं. मग तो तुम्हाला युलिप दाखवू लागतो. नम्रपणे उठा आणि दुसऱ्या शाखेत जा. प्रत्येक कर्मचाऱ्याला प्राण क्रमांक मिळतो, आधीपासून एनपीएस असेल तर तोच चालतो. फंड कुणी निवडायचा, कंपनीने की कर्मचाऱ्याने, हे नोंदणीच्या वेळी ठरतं. कर्मचाऱ्यावर सोडा, असं माझं मत. उद्या बाजार पडला तर शिव्या तुम्हाला नकोत.

खातं कर्मचाऱ्याच्या नावावर असतं. त्याने नोकरी सोडली की प्राण त्याच्याबरोबर जातो, आणि तुम्ही "ते पैसे आमचे होते" असं म्हणू शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पगारपत्रकात एनपीएस दाखवलं आणि पैसे भरलेच नाहीत, असं लहान धंद्यात होतं. मुद्दाम नव्हे. पेमेंट अडकलेलं असतं, कच्च्या मालाचा व्यापारी दारात उभा असतो, आणि "एनपीएस पुढच्या महिन्यात भरू" असं होतं. एका कंपनीत सात महिने असं चाललं. माणसांना कळलं तेव्हा त्यांनी नुसती योजना सोडली नाही, तिघांनी नोकरी सोडली. त्यांच्या दृष्टीने तो त्यांचा पगार होता, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून पगाराच्या दिवशीच एनपीएसची फाइल अपलोड करून पैसे पाठवायचे. ते जमणार नसेल, रोखीचा प्रवाह एवढा डळमळीत असेल, तर योजना सुरूच करू नका. आधी वसुलीचं बघा, त्यावरचा व्हिडिओ चॅनलवर आहेच.

कर्मचाऱ्याकडून लेखी संमती घ्या. भाषा साधी चालते, उदाहरणार्थ:

"मी माझ्या विशेष भत्त्यातून दरमहा रुपये ______ कमी करून तेवढीच रक्कम कंपनीने माझ्या एनपीएस खात्यात (प्राण क्र. ______) मालकाची वर्गणी म्हणून भरावी, अशी विनंती करतो/करते. यामुळे हातात येणारा पगार दरमहा अंदाजे रुपये ______ ने कमी होईल, ग्रॅच्युइटीवर काय परिणाम होऊ शकतो, आणि ही रक्कम निवृत्तीपर्यंत सहसा काढता येणार नाही, हे मला समजावून सांगितले आहे. ही निवड दरवर्षी एप्रिलमध्ये मला बदलता येईल."

रिकाम्या जागेतला हातात कमी होणारा आकडा तुम्ही भरू नका, त्याच्याकडूनच भरून घ्या. हिशोब शेजारी बसून करा. त्याने स्वतःच्या अक्षरात आकडा लिहिला की त्याला तो कळलेला असतो, आणि कळला नसेल तर पेन तिथेच थांबतं.

वर्षाच्या मध्ये सुरू केलं तर चालतं का, असं बरेच जण विचारतात. चालतं. १४ टक्के त्या वर्षाच्या बेसिकवर मोजायचे असतात, पण मागच्या महिन्यांचा दिलेला पगार मागे जाऊन "वळवलेला" दाखवता येत नाही. पुढच्या पगारापासूनच धरायचं. म्हणून कागद मार्चमध्ये तयार ठेवा आणि एप्रिलच्या पहिल्या पगारापासून सुरू करा. नोंदणीला बँक दोन-तीन आठवडे घेते, ते धरूनच तारीख ठरवा.